‘गर्दी झालीय’ म्हणजे नेमकं काय? हौशी फोटो-चॅलेंजमधल्या अभिप्रायाबद्दल

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. दापोली-गुहागर पट्ट्यातल्या हौशी मंडळींचा गट आहे, ४० जणांचा. दर सोमवारी विषय जाहीर होतो आणि रविवारपर्यंत प्रत्येकाने एक फोटो टाकायचा. या वेळचा विषय होता ‘बंदर’. तुम्ही हर्णै बंदरातल्या संध्याकाळच्या मासळी-लिलावाचा फोटो टाकलात. त्यावर २३ जणांनी ‘मस्त’, ‘एक नंबर’ म्हटलं किंवा नुसते अंगठे दाखवले. एका ज्येष्ठ सभासदांनी (त्यांना पुढे काका म्हणतो) लिहिलं, ‘गर्दी झालीय. क्षितिज वाकडं. पुन्हा काढा.’ तुमचं म्हणणं असं की २३ जणांकडून काहीच कळलं नाही आणि २४व्याकडून फक्त वाईट वाटलं. आता पुढच्या आठवड्यात इतरांच्या फोटोंवर लिहायची पाळी तुमची आहे. तेव्हा काय लिहावं, आणि हा फोटो खरंच पुन्हा काढावा का, हे तुम्ही विचारलंय.

कौतुक करणाऱ्यांनी आणि टीका करणाऱ्याने, दोघांनीही एकच गोष्ट गाळलीय: बघताना त्यांना काय झालं. डॉक्टरकडे गेल्यावर आपण ‘इथे दुखतंय, जिना चढताना जास्त दुखतं’ असं सांगतो. तेवढं नीट सांगितलं की आपलं काम झालं, रोग ओळखणं हे पुढचं काम. फोटोवर लिहिणारे बहुतेक जण लक्षण न सांगता थेट निदान करतात, तेही दोन शब्दांत. निदान चुकलं की घेणारा म्हणतो, ‘यांना काही कळत नाही’, आणि निदानाबरोबर लक्षणही फेकून देतो. तुमच्या फोटोच्या बाबतीत नेमकं हेच होऊ घातलंय.

तुम्ही जोडलेला फोटो मोठा करून पाहिला. तुम्ही किनाऱ्यावर उभे राहून समुद्राकडे तिरके बघताय. डावीकडे पाणी, उजवीकडे वाळू, बैलगाडी आणि टोपल्यांभोवतीची माणसं, पुढे डोक्यावर पाटी घेतलेली बाई, मागे नांगरलेल्या होड्या. आता ‘क्षितिज वाकडं’ हे तपासू. डाव्या बाजूला दोन होड्यांच्या फटीत समुद्राची खरी रेषा दिसते. तिच्यावर पट्टी ठेवली तर ती सरळ आहे. मग काकांना वाकडं काय दिसलं? पाणी आणि वाळू जिथे भेटतात ती रेषा. ती डावीकडून उजवीकडे चढत गेलीय, कारण किनारा तुमच्यापासून लांब जातोय. होड्यांची रांगही त्याच दिशेने चढते. खरं क्षितिज बोटभर दिसतं आणि खोटं क्षितिज अख्ख्या फ्रेमभर, म्हणून डोळा खोट्यावर विश्वास ठेवतो. म्हणजे काकांचं निदान चुकलं, पण फोटो कलतोय हे त्यांना वाटलं ते खरंच आहे. तुम्ही ‘क्षितिज सरळ आहे, मोजून बघा’ असं उत्तर दिलं असतं तर वाद जिंकला असता, आणि फोटो तसाच कलता राहिला असता.

हा घोळ कोकणात फार होतो, खाडीच्या फोटोत तर हमखास. पलीकडच्या काठाची पाण्याजवळची रेषा म्हणजे क्षितिज नव्हे. तो काठ तुमच्याशी तिरका असेल तर कॅमेरा अगदी सरळ असूनही ती रेषा तिरकीच येणार. अशा वेळी प्रतिबिंब बघा. शांत पाण्यात माडाचा शेंडा आणि त्याचं प्रतिबिंब एकाच उभ्या रेषेत असायला हवं. ते असेल तर कॅमेरा सरळ होता. उघड्या समुद्रावर मात्र सबब नाही. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईल फोटोची रुंदी ४००० पिक्सेल असते. त्यात नुसता १ अंश कल आला तरी क्षितिजाच्या दोन टोकांत सुमारे ७० पिक्सेलचा फरक पडतो, आणि तो न मोजता दिसतो.

आता ‘गर्दी’. लिलावाच्या फोटोत गर्दी असणारच, ती नको असेल तर दुपारी एकला जावं. बघणाऱ्याला गर्दी वाटली ती माणसांच्या संख्येमुळे नाही. बाईच्या डोक्यावरची काळपट पाटी आणि मागच्या होडीचं काळपट अंग एकमेकांत मिसळलंय. त्याच होडीची काठी बरोबर पाटीतून उगवल्यासारखी वर गेलीय. शिवाय डावीकडे वरच्या कोपऱ्यात आकाश पांढरंफटक पडलंय, सगळ्यात उजळ जागा तीच, त्यामुळे डोळा बाईवर थांबायच्या आत तिकडे पळतो. दोन गोष्टी एकमेकींपासून सुटत नाहीत तेव्हा माणूस ‘गर्दी’ म्हणतो. चारच माणसं असतील आणि ती एकमेकांत अडकली असतील तरी गर्दी वाटते. ५० माणसं सुटी सुटी असतील तर नाही वाटत.

उपाय किती लहान आहे बघा. बाई तुमच्यापासून साधारण २ मीटरवर आहे आणि होडी ५० मीटरवर. तुम्ही फूटभर डावीकडे सरकलात की बाई मागच्या होडीच्या मानाने उजवीकडे जाते, मोबाईलच्या नेहमीच्या लेन्सने फ्रेमच्या रुंदीच्या साधारण दहाव्या भागाएवढी. काठी पाटीतून निघून बाजूला उभी राहते. गुडघ्यावर बसलात तर पाटी आकाशावर चढते आणि तिचा आकार स्वच्छ दिसतो. उलट हात वर करून वरून काढलात तर माणसांची डोकी एकमेकांपासून सुटतात, पण पाटी वाळूत हरवते. तुम्हाला बाई दाखवायचीय की लिलाव, त्यावर यातलं कुठलं करायचं ते ठरेल, आणि ते तुमच्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही.

काकांच्या जागी मी असतो तर एवढं लिहिलं असतं: ‘आधी बाईचा चेहरा दिसला, मग लगेच नजर डाव्या कोपऱ्यातल्या आकाशाकडे गेली आणि परत आली नाही. पाटी कुठे संपते आणि होडी कुठे सुरू होते ते मला पटकन कळलं नाही. फोटो उजवीकडे चढल्यासारखा वाटतो, बहुधा पाण्याच्या कडेमुळे. फूटभर डावीकडून किंवा बसून काढला तर पाटी सुटेल असं वाटतं. बाईची मान आणि बैलाची मान एकाच बाजूला कललीय, ते फार आवडलं, ते जाऊ देऊ नका.’ पाच वाक्यं. पहिल्या तीनांत बघणाऱ्याचा अनुभव आहे, त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. चौथ्यात एकच सूचना आहे, तीही करून बघता येण्यासारखी. पाचव्यात काय राखायचं ते आहे. हे शेवटचं लोक विसरतात. काय बिघडलं एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी माणूस चांगलंही बदलून टाकतो.

यातलं सगळं सगळीकडे लागू पडणार नाही. चॅलेंजला गुण आणि नंबर असतील तर निकाल लागेपर्यंत सविस्तर अभिप्राय थांबवलेला बरा, नाहीतर स्पर्धकाने स्पर्धकावर लिहिलेलं प्रत्येक वाक्य संशयाने वाचलं जातं. समोरचा नववीतला मुलगा असेल आणि पहिल्यांदाच फोटो टाकत असेल तर एक निरीक्षण आणि एक सूचना पुरे. फोटो पुन्हा मिळण्यासारखाच नसेल, उदाहरणार्थ शिमग्याच्या पालखीतला एखादा क्षण, तर ‘थोडं डावीकडे असतात तर’ याला फारसा अर्थ नाही. तिथे क्रॉप आणि उजेड-सावली यांबद्दल बोला, म्हणजे आता घरी बसून करता येईल तेवढंच.

भाषेबद्दल दोन गोष्टी. मराठीत कर्ता बदलला की वाक्याची धार बदलते. ‘तुम्ही आकाश घालवलंत’ आणि ‘आकाश पांढरं पडलंय’ यांत माहिती तीच आहे, पण पहिल्यात माणूस आरोपी होतो. वाक्याचा कर्ता फोटोतली वस्तू ठेवा: होडी, उजेड, चेहरा. ‘तुम्ही’ फक्त सूचनेत येऊ दे. दुसरं म्हणजे ‘छान आहे, पण’. आपल्याकडे ‘पण’च्या आधीचं कोणी ऐकत नाही, सगळे ‘पण’चीच वाट बघत असतात. आवडलेलं वेगळ्या वाक्यात लिहा, तिथे पूर्णविराम द्या, आणि ते नेमकं असू दे. ‘रंग छान’ नको, ‘ओल्या वाळूत गाडीच्या चाकाचं प्रतिबिंब आलंय ते छान’ असं. (आणि खवचटपणा. किनाऱ्यावर त्याची कमतरता नाही, समोरासमोर गजाली मारताना तो खपतो, हसण्यावारी जातो. लिहिलेल्या शब्दाला चेहरा नसतो. फोटोवर लिहिताना तो घरी ठेवा.)

गटात वयाचा प्रश्न येतोच. निवृत्त गुरुजींच्या फोटोवर तेविशीतली मुलगी ‘फोकस चुकलाय’ असं लिहायला धजत नाही, आणि तिने लिहिलं तर इतरांनाच अवघडल्यासारखं होतं. याला नियमच करावा लागतो: प्रत्येकाने आपल्या आधी टाकलेल्या आणि आपल्या नंतर टाकलेल्या, अशा दोन फोटोंवर लिहायचंच, चार ते सहा वाक्यं, दोन दिवसांच्या आत. मग ‘काका, पाळी आली म्हणून लिहितेय’ अशी आपोआप सोय होते आणि कोणाचा फोटो रिकामाही राहत नाही. अजून एक करून बघा. पहिले तीन अभिप्राय गटात न टाकता संयोजकाकडे पाठवायचे आणि तिन्ही एकदम उघडायचे. उघड्यावर पहिल्याने ‘गर्दी’ म्हटलं की पुढच्या सगळ्यांना गर्दीच दिसायला लागते. तिघांनी एकमेकांचं न बघता एकाच जागी बोट ठेवलं, तर मात्र तिथे खरंच काहीतरी आहे. फोटो काढणाऱ्यानेही सुरुवातीला गप्प राहायचं. ‘मला इथे एकटेपणा दाखवायचा होता’ असं आधीच सांगितलं तर लोकांना एकटेपणा दिसतोच. तीन अभिप्राय आल्यावर सांगा, मग खरी गंमत कळते.

निदान करायचंच असेल तर तपासून करा. सगळ्यात जास्त चुकतं ते ‘फोटो हललाय’ या शेऱ्यात. १०० टक्के मोठा करून बघा. सगळ्याच गोष्टी एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसत असतील तर हात हललाय. तिथे शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) वेगवान हवं किंवा टेकायला भिंत हवी. मागची होडी स्वच्छ आणि पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्याचे हात तेवढे पुसट असतील तर हललाय तो माणूस. पागाचं जाळं हवेत गोल उघडतं तो क्षण पकडायला १/५०० सेकंद तरी हवं, उडणारं पाणी थिजवायचं असेल तर १/१०००. आणि माणूस धूसर पण त्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी स्वच्छ असेल तर फोकस दुसरीकडे बसलाय, शटर कितीही वाढवलं तरी उपयोग नाही. तीन रोग, तीन औषधं. ‘हललाय’ एवढंच वाचून माणूस ट्रायपॉड विकत घेतो आणि पुढचा पागही पुसटच येतो.

रात्रीच्या दशावताराच्या फोटोंत आडवे काळे पट्टे दिसले की लोक ‘मोबाईल खराब’ म्हणतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. ही एका ओळीची सूचना आहे, आणि ती पुढच्या जत्रेत कामाला येते. तसंच फेसाच्या लाटांनी किंवा पांढऱ्या वाळूने भरलेली फ्रेम मळकट आली असेल तर ‘उजेड कमी होता’ असं लिहू नका. कॅमेरा सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून मोजतो, म्हणून पांढऱ्याला तो काळवंडवतो. एक्सपोजर (कॅमेऱ्यातलं उजळपणाचं माप) +०.७ ते +१ करा, असं सांगा. काळ्या ओल्या कातळाचं याच्या उलट.

अभिप्राय लिहिण्याआधी स्वतःचा पडदाही बघा. रात्री अंथरुणात उजेड कमी करून पाहिलेला फोटो काळपटच दिसणार. आणि व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, पानांचा तपशील आणि आकाशाचा चढ-उतार त्यात चिरडला जातो. ‘शार्प नाही’ म्हणायच्या आधी मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवा. डॉक्युमेंटमध्ये शटरची माहितीही शाबूत येते. मात्र जागेची माहितीही येते. वेळासला कासवाचं घरटं किंवा कुठे गरुडाचं घरटं टिपलं असेल तर लोकेशन काढूनच पाठवा.

इथेच एक गोष्ट, जी अभिप्रायात यायला हवी आणि येत नाही: फोटो कसा मिळवला. समुद्राकडे निघालेल्या कासवाच्या पिल्लावर फ्लॅश मारून काढलेला फोटो, किंवा सीगलच्या थव्यात पोराला पळायला लावून उडवलेले पक्षी, याला ‘अप्रतिम’ म्हटलं की पुढच्या आठवड्यात गटातले पाच जण तेच करतात. तिथे रचनेबद्दल एक शब्दही न लिहिता कसा काढला हे विचारावं, आणि ते उघड गटातच विचारावं. कोळणीचा चेहरा जवळून आला असेल तर तिला विचारलं होतं का, हाही त्यातलाच प्रश्न.

आता घेणाऱ्याची बाजू, म्हणजे तुमची. एक दिवस फक्त ‘आभार, बघतो’ एवढंच लिहा. ‘ऊन समोर होतं’, ‘लोक सरकतच नव्हते’, ‘मोबाईल साधा आहे’ ही कारणं खरी असली तरी ती फोटोबरोबर फ्रेममध्ये जात नाहीत. दुसऱ्या दिवशी फोटोच्या प्रतीवर काम करा. तो उलटा करा, डोकं खाली पाय वर: ओळखीच्या गोष्टी अनोळखी होतात आणि कुठली बाजू जड आहे ते दिसतं. मग काळा-पांढरा करा. तुमच्या फोटोत पाटी आणि होडी एकजीव झालेली तिथे लगेच दिसेल. मग अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा, नजर कुठे जाते. एवढं झालं की अभिप्रायातली जी गोष्ट तुम्हाला स्वतःला फोटोत बोट ठेवून दाखवता येते ती घ्या. ‘मला असे रंग आवडत नाहीत’ ही आवड, ती ऐकून सोडून द्या. आणि ज्याने फोटो वेगळाच वाचला, समजा एखाद्याला तुमचा लिलाव भांडणासारखा वाटला, त्याला चूक ठरवायच्या आत ‘कुठल्या भागामुळे तसं वाटलं?’ एवढं विचारा. दोन शब्दांच्या शेऱ्यालाही हाच प्रश्न लागू. काकांना विचारा, ‘काका, गर्दी नेमकी कुठल्या कोपऱ्यात वाटली?’ बहुतेक ज्येष्ठ मंडळी दोन शब्दांत लिहितात ती टाईप करायचा कंटाळा म्हणून. विचारलंत तर फोनवर वीस मिनिटं बोलतील.

राहिला शेवटचा प्रश्न, पुन्हा काढावा का. काढा, पण येत्या रविवारी नको. तुम्ही म्हणता फोटो अष्टमीच्या संध्याकाळी साडेपाचला काढलाय. भरतीचा आपला जुना हिशेब तुम्हाला ठाऊक असेल, तिथीला तीनने गुणून चाराने भागायचं. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. म्हणून तुमच्या फोटोत पाणी गाड्यांच्या चाकांपर्यंत आलंय आणि ओली वाळू चकाकतेय. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्याने, पौर्णिमेच्या आसपास, त्याच वेळी ओहोटी असेल, तीही उधाणाची. पाणी लांब गेलेलं, होड्या लहान दिसतील, मध्ये चिखलट वाळूचा पट्टा. तो दुसराच फोटो होईल, आणि तुम्हाला वाटेल की अभिप्रायाने बिघडवला. पुढच्या अष्टमीला जा, म्हणजे पंधरवड्याने. एप्रिल संपायचाय, १ जूनला मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या जायच्या आत तुमच्याकडे अशा दोन तरी अष्टम्या आहेत. पाचलाच पोचा, कारण जागा हेरायला अर्धा तास लागतो. आधी उभं राहून एक, फूटभर डावीकडे सरकून एक, बसून एक, असे तीनच काढा आणि तिन्ही काकांना पाठवा, डॉक्युमेंट म्हणून.